जाळीला हात न लावण्याची शपथ

दि. ४ जून

धाकट्या जाऊबाईस,

आशीर्वाद आहेतच, त्याला पैसे पडत नाहीत.

तू रवाना केलेला माल काल दुपारी पोचला, त्याची ही पोच. लोखंडी पेटी एक, कडी निखळलेली. गादी एक, कुत्र्यानेसुद्धा अंग टाकण्याआधी विचार करावा अशी. छत्र्या दोन, दोन्ही करकचून बांधलेल्या. गोळ्यांची पाकिटं तीन. भावजी एक. गाडीभाडं तू भरलंस हे तू दोनदा लिहिलं आहेस, ते वाचलं. स्थानकापासून घरापर्यंत हमाल आणि टॅक्सी मिळून एकशे ऐंशी झाले, ते मी एकदाच लिहिते.

टॅक्सीचं जास्त का झालं ते ऐक. सिग्नलला गाडी थांबली तसे भावजी दार उघडून उतरले. पुढच्या मोटारीची डिकी नीट लागली नव्हती, ती दाबून लावली, दोनदा ओढून पाहिली. मोटारवाला तणतणत खाली उतरला, तर त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि परत येऊन बसले. सिग्नल तोवर पुन्हा लाल. टॅक्सीवाला मला म्हणाला, "बाई, साहेबांना कुणी सांभाळणारं नाही का?" मी म्हटलं, "होतं. त्यांनीच पाठवलंय."

घरात आल्यापासून तेच. उघडं दिसलं की बंद. डबे, खिडक्या, शेजारणीची पर्स. मी सकाळी स्तोत्रांचं पुस्तक वाचत होते, पान उलटायला बोट ओलं केलं तेवढ्यात पुस्तक मिटलं. रात्री ह्यांचं तोंड घोरताना उघडं असतं, तेसुद्धा हनुवटी धरून मिटवून गेले. हे उठून बसले ते चोर आला म्हणून. आणि भावजींच्या स्वतःच्या तोंडाला तर दारच नाही. इमारतीच्या चिटणीसांची बायको सहज डोकावली, तिला म्हणाले, "तुमचे दात तुमचे नाहीत." खरं आहे, पण सांगायची काही रीत?

सासूबाई गेल्यापासून भावजी तुझ्याकडे कसे शहाण्यासारखे राहतात हे तू दर पत्रात लिहीत आलीस. वाटेत गाडी बदलली की माणूस बदलला? मला तर स्पष्ट दिसतंय, तू त्यांना लाडावून ठेवलंयस. हवापालट हवी म्हणून पाठवते म्हणालीस. हवापालट पंधरा दिवसांची असते. तू हिवाळ्याची लोकर बांधून दिली आहेस.

पेटीत सगळ्यात वर त्या निवासी संस्थेचा अर्ज आहे. थोरल्या भावाच्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने फुली करून ठेवली आहेस, ह्यांना सापडावी म्हणून. ह्यांना सापडते, पण सही कधी करायची ते मी सांगते, हे तुला माहीत आहे. हा महिना बघते. नाही जमलं तर सही करून पाठवून देईन. मलाही हौस नाही.

मोठी


दि. ११ जून

ती. सौ. मोठ्या जाऊबाईंस,

सा. न. पत्र मिळालं. तुमचा त्रागा मी समजू शकते, तुम्हाला या विषयाची माहिती नसणं स्वाभाविक आहे.

भावजींचं वागणं हा हट्ट नाही आणि लाडही नाहीत. डॉक्टरांनी मला सविस्तर समजावलं होतं (मी प्रश्नही तसेच विचारले, त्यांनी कौतुक केलं). मेंदूच्या जडणघडणीतच जन्मापासून फरक असतो. त्यांच्यात स्वमग्नता आहे, आणि जोडीला अतिचंचलता. एकीकडे मनात आलं की हात निघतो, आवरणारा लगाम सैल. दुसरीकडे काही गोष्टी केल्याशिवाय त्यांची सुटकाच नाही, न केल्या तर जिवाची तगमग होते. दोन्ही एकाच माणसात असतात. लहानपणी ओळखलं असतं तर शिकवता आलं असतं. सासूबाईंच्या काळात कोण ओळखणार!

मी शास्त्रीय पद्धतीने वागत असे, म्हणून माझ्याकडे त्रास झाला नाही. अडवायचं नाही, हातचं काम पुरं करू द्यायचं, आधी सांगून मग बदल करायचा. एवढं केलं की पुरतं. फार अवघड नाही.

इकडे मुलीच्या लग्नाचं जवळजवळ ठरत आलं आहे. माझी शाळा, घरातली लगबग, त्यात भावजींची आबाळ व्हायला नको, हाच विचार. संस्था उत्तम आहे. मोठी बाग आहे. यजमानांनी सही केली आहेच. थोरल्यांची झाली की झालं.

तुमची,
धाकटी


दि. १९ जून

धाकट्या जाऊबाईस,

मेंदूच्या जडणघडणीत फरक! अगं, या घराण्यात जडणघडण झाली आहे कुणाच्या मेंदूची, म्हणून फरक उठून दिसावा? तुझे यजमान सासूबाईंच्या अंत्यविधीला चपला बदलून दुसऱ्याच्या घालून आले आणि वर्षभर वापरल्या. त्यांना कुणी गोळ्या दिल्या नाहीत.

मुलीचं ठरत आलं हे दोन ओळींत उरकलंस. चांगलं झालं म्हणते. कोण, काय करतो, ते तुझ्या शास्त्रीय पद्धतीने आधी सांग, मग बदल कर.

आता इथलं. आमच्या इमारतीत जुनी लिफ्ट आहे, लोखंडी जाळीच्या दाराची. कुठल्याही मजल्यावर जाळी उघडी राहिली की लिफ्ट जागची हलत नाही. लोक उघडी टाकून जातात, तशी जातच राहणार, कारण चढायला लागतं ते दुसऱ्याला. भावजींना जाळीचा शोध लागला आणि संपलं. वरून आवाज आला की खाली धाव, खालून आला की वर. लोक आत शिरत असतात तोच भावजी बाहेरून जाळी ओढतात. मी सांगते, "थांबा, माणसं आहेत." ते म्हणतात, "उघडं आहे."

परवा चिटणीस एका हाताने जाळी अडवून कुणाशी तरी गप्पा मारत उभे होते. त्यांच्या गप्पा म्हणजे दळण. पीठ कधी पडत नाही. भावजींनी जाळी ओढली. दोन बोटं सुजली. चिटणीस बोटं पुढे धरून आमच्या दारात आले, जशी काही वरात. म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत याची सोय लावा, नाहीतर सभेत विषय घेतो आणि पोलिसात जातो.

तुझं "पुरं करू द्यायचं" तुझ्यापाशीच ठेव. मी माझा उपाय केला आहे. औषधाला पैसे पडतात, संस्थेला त्याहून जास्त, शपथेला काही पडत नाही. काल दिवा लावल्यावर भावजींना देवापुढे बसवलं आणि वदवून घेतलं, "आईची शपथ, लिफ्टच्या जाळीला हात लावणार नाही." पहिल्याच खेपेला शब्द न् शब्द म्हणाले, लहान मुलासारखे. आईचं नाव निघाल्यावर डोळ्यांत पाणी. तगमग बिगमग काही दिसली नाही.

देवापुढे जे होतं ते डॉक्टरपुढे होत नसतं. महिनाअखेरीला कळवीन. शपथ मोडली, तर हट्टच आहे हे सिद्ध होईल, आणि सही करून अर्ज पाठवून देईन.

मोठी


दि. २४ जून

ती. सौ. मोठ्या जाऊबाईंस,

सा. न. शपथेबद्दल मी काय बोलू? तुमची श्रद्धा. मात्र सहीला उशीर नको, संस्थेत एकच जागा आहे आणि ती पुढच्या महिन्यात जाईल.

मुलगा दातांचा डॉक्टर आहे. स्वतःचा दवाखाना, एकुलता एक, माणसं फार सुसंस्कृत. त्याच्या आईने नातेवाइकांकडे चौकशीसाठी तुमचा पत्ता घेतला आहे. पत्र आलं तर दोन चांगले शब्द लिहा. भावजींविषयी विचारलंच तर परदेशात असतात असं लिहावं. आम्ही तसंच सांगितलं आहे. कुणाचं नुकसान होत नाही, आणि मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे.

तुमची,
धाकटी


दि. २८ जून, तातडीचं टपाल

धाकट्या जाऊबाईस,

तुझ्या परदेशाचं मागाहून बघते. आधी हे वाच आणि हातातलं काम टाकून उत्तर लिही.

शपथ मोडलेली नाही.

पहिले दोन-तीन दिवस मी स्वतःवर खूश होते. भावजी जाळीपाशी जात, हात काखेत दाबून धरत, परत येत. मग चिटणीसांनी, की त्यांच्या बायकोने, मुद्दाम दुसऱ्या मजल्याची जाळी उघडी ठेवायला सुरुवात केली. गंमत बघायला. मोठी माणसं. तेव्हापासून भावजी त्या जाळीसमोर उभे आहेत. सकाळी जाऊन उभे राहतात. जेवायला येत नाहीत. पाणी मी तिथे नेऊन पाजते. कपडे तिथेच ओले झाले, ते शरमेने लाल झाले पण हलले नाहीत. दोन्ही हातांच्या मनगटांना चावून चावून जखमा केल्या आहेत. हे आणि वॉचमन मिळून रात्री ओढून घरी आणतात. उजाडलं की पुन्हा तिथे.

मी खाली जाऊन स्वतः जाळी लावली. म्हटलं, "झालं ना आता? चला."

म्हणाले, "तुम्ही लावली. मला कळत नाही लागली की नाही."

"मग तुम्ही लावा. मी शपथ सोडवते. मीच घातली होती."

माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच खुळी. म्हणाले, "तुमची नाही. आईची आहे. आईला विचारा."

आता सासूबाईंना कुठे विचारायला जाऊ? देवापुढे बसवून सांगितलं, भटजींकडून सांगवलं. भटजींना म्हणाले, "तुम्ही आई नाही." भटजी दक्षिणा घेऊन गेले. डॉक्टर येऊन सुई टोचून गेला. झोपले, उठले, खाली गेले.

हट्टी माणूस शपथ मोडतो. चोर मोडतो, बेवडा मोडतो, आपण दोघी गोड खाणार नाही म्हणून रोज मोडतो. हा माणूस मरेल पण मोडणार नाही, हे मला माहीत नव्हतं. शपथ घातली ती माझी चूक, ते मी देवाशी बोलले आहे. तुझ्याशी बोलायचं कारण नाही.

तू त्यांना इतकी वर्षं सांभाळलंस. सासूबाई असं काही झालं की काय करायच्या? काय म्हणायच्या? शास्त्र नको. शब्द लिही.

मोठी


दि. १ जुलै

ती. सौ. मोठ्या जाऊबाईंस,

सा. न. पत्र वाचून धक्काच बसला. म्हणूनच मी म्हणत होते की हे काम तज्ज्ञांचं आहे. सासूबाई नेमकं काय म्हणायच्या ते मला आठवत नाही. मी साधारण त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवत असे. रेडिओ लावून पाहा. संगीताचा उपयोग होतो असं वाचलं आहे.

आता तरी सहीला विलंब करू नका. संस्थेची गाडी थेट तुमच्या दारातून घेऊन जाईल. सगळ्यांनाच मोकळं वाटेल.

तुमची,
धाकटी

(याच पाकिटात, वहीच्या पानाची घडी, निराळ्या अक्षरात)

मोठ्या काकू,

आईने पाकीट टाकायला मला दिलं, म्हणून हे आत घालते आहे. तुमचं पत्र मी वाचलं. रागवा हवं तर.

आजी काकांना शपथ कधीच घालायची नाही. आजीला माहीत होतं ते सुटत नाही म्हणून. आजी जाताना काकांचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "माझ्यामागे हिचं ऐक." तेव्हापासून ते माझं ऐकतात. आई त्यांच्या खोलीत फारशी जात नाही, तिला शाळा असते. त्यांना अंघोळीची आठवण, गोळ्या, बाजारात नेणं, लोकांची माफी मागणं हे मीच करते. करत होते. माझं ठरल्यावर आता कोण करणार, म्हणून त्यांना पाठवलं. मला सांगितलं तेव्हा ते गाडीत बसले होते.

खालचं त्यांच्याच हातात द्या. वाचून दाखवू नका, त्यांना स्वतः वाचायचं असतं.

"काका, आजीने सगळं माझ्याकडे दिलं होतं. शपथही माझ्याकडे आली. मी ती सोडली. जाळी लावा, ओढून बघा, वर जाऊन जेवा."


दि. ९ जुलै

धाकट्या जाऊबाईस,

रेडिओ लावला नाही. विजेला पैसे पडतात.

मुलीचा कागद भावजींच्या हातात दिला. त्यांनी तिथेच उभ्याने वाचला, उलटून मागे काही आहे का पाहिलं, पुन्हा वाचला. मग जाळी लावली. ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. जिना चढून वर आले, हात धुतले आणि पानावर बसले. त्यांनी मागितलं तेवढं मी वाढत गेले. शेवटी म्हणाले, "पाणी खारट आहे." पाणी चांगलं होतं. माझंच काहीतरी त्यात पडलं असेल. त्यांना काही लपवता येत नाही आणि दुसऱ्यालाही लपवू देत नाहीत.

तू म्हणालीस, मी शास्त्रीय पद्धतीने वागत असे. मला वाटलं, शिकलेली आहे, असेल. मी तुला मनातल्या मनात मोठेपणा दिला, तो परत घेते. वीस-एकवीस वर्षांची पोर त्यांना सांभाळत होती, आणि तू पत्रातून माझी शिकवणी घेत होतीस. दुसऱ्याच्या हाताने दिवा लावायचा आणि उजेडात आपण बसायचं. त्या खोलीत पाय टाकत नव्हतीस, तर "अवघड नाही" हे कुठून कळलं तुला? दाराबाहेरून? कागद लिहिला म्हणून मुलीला बोललीस तर मला कळेल. ती लपवते तेव्हा तिचं अक्षर बारीक होतं.

चिटणीसांचंही उरकून टाकलं. सभेत त्यांनी सुजलेली बोटं काढली, आता ती सुजलेलीही नाहीत. मी म्हटलं, "बोटं आपली आहेत, आत ठेवा. गप्पा घरी मारा. आणि जाळी मुद्दाम उघडी ठेवून माणसाचा तमाशा कोण बघत होतं, ते वॉचमनने पाहिलंय. तो विषय आधी घेऊ की नंतर?" दुसरा विषय घेतला गेला. पाण्याच्या टाकीचा.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. काल चिटणीसांची बायको भाजीवाल्यासमोर पर्स उघडून सुट्टे काढत होती, भावजींनी पर्स मिटवली, तिचं बोट आत. हजार वेळा "थांबा" सांगते, हात निघतो तो निघतोच. कामाच्या वेळी जिन्यात गर्दी असते तेव्हा मी बरोबर जाते. स्तोत्रांचं पुस्तक जिन्यात वाचते. देवाची हरकत दिसत नाही, शेजाऱ्यांची आहे. माया बिया काही उतू गेलेली नाही माझी. आडमुठा माणूस, ताप आहे डोक्याला. पण हा ताप खरा आहे. तुझ्या पत्रात एक ओळ सापडत नाही तशी.

अर्ज परत येणार नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर जुलैचा किराणा मांडला. हे विचारत होते, सही करायची का. मी म्हटलं, आता जागा उरली नाही. भावजी इथे राहतील. खर्चाचं मी तुझ्याकडे मागणार नाही, मागून तुझ्याकडून काय निघतं ते गादीवरून कळलं.

आता परदेश. परदेश म्हणे! दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचं तरी माणूस मला हाक मारून सांगून जातो. मुलाच्या आईचं पत्र सोमवारी आलं. बाई सरळ दिसते. घरच्या माणसांची प्रकृती, स्वभाव, कोण कुठे असतं, सगळं नीट विचारलं आहे. "परदेशात असणाऱ्या काकांचा पत्ताही कळवावा, त्यांना निमंत्रण पाठवू," असंही आहे. कळवू? आमचाच आहे, पिनकोडसकट.

तुला वाटतं भावजींना लपवलं की मुलीचं भलं होईल. ज्या घरात जाऊन तिला काकांचं नाव घ्यायची चोरी, तिथे ती कुणाचं नाव घेणार? आणि उद्या तिच्या पोटी असंच एखादं निपजलं तर ते कुठे ठेवणार आहात, परदेशात? दातवाल्याला चालणार नसेल तर आज कळलेलं बरं. दात काढायचाच तर मुळापासून काढावा, हे त्याला तरी ठाऊक असेल. चालणार असेल, तर माणूस धड आहे असं मी स्वतः म्हणेन, आणि मी असं कुणाला म्हणत नाही.

त्या बाईला मी पुढच्या सोमवारी उत्तर टाकणार. रोज देवापुढे बसते. खोटं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कुठे बसू? तोवर तुम्ही सगळं सांगितलंत, तर मी "मुलगी गुणी आहे, तिच्यासारखी मिळणार नाही" एवढंच लिहीन, आणि ते खरं आहे. सांगितलं नाहीत, तर पत्राची सुरुवात भावजींपासून करीन, मुलगी दुसऱ्या पानावर येईल.

काय ठरलं ते उलट टपाली कळव. तू नको लिहूस. मुलीला लिहू दे, आणि पाकीट तिलाच बंद करू दे.

मोठी